हॅक झालेली साइट बॅकअपमधून परत आणताना: आधी तारीख, मग वाट, मग रिस्टोअर

साइट हॅक झाल्याचं कळलं की होस्टिंगच्या पॅनेलमधलं ‘रिस्टोअर’ बटण समोर दिसतं आणि हात आपोआप तिकडे जातो. कालचा बॅकअप आहे, बटण दाबलं की झालं. थोड्या वेळात साइट दिसायलाही लागते. मग आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार. याचं कारण सरळ आहे. बॅकअप म्हणजे त्या दिवशीची तुमची साइट, जशी होती तशी. ज्या जुन्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून) हॅकर आत आला ते प्लगइन बॅकअपमध्येही असतं. तो त्याआधीच आत शिरलेला असेल तर त्याने दडवलेली फाइलही असते. म्हणून हॅक कधी झालं हे आधी शोधा, तो कुठून आला ते शोधा आणि रिस्टोअरला त्यानंतर हात घाला.

गोव्यातलं मांद्रे-मोरजीकडचं होमस्टे, फोंडा तालुक्यातलं एखादं देवस्थान, म्हापशातलं दुकान, डिचोलीतली शाळा, अशा साइट बहुतेक वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या एका तयार प्रणालीवर असतात. होस्टिंग शेअर्ड असतं, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट, आणि हाताशी सीपॅनेल हे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल असतं. पुढची उदाहरणं त्यांना धरूनच दिली आहेत. दुसरी प्रणाली असेल तर नावं बदलतील, क्रम तोच राहील.

हॅक झालंय याची खात्री

‘आमच्या लॅपटॉपवर तर बरोबर उघडते’ हे वाक्य मी फार वेळा ऐकतो, आणि ते खरंही असतं. हॅकर बऱ्याचदा अशी सोय करतो की पाहुणा गुगलमधून आणि मोबाइलवरून आला तरच त्याला सट्ट्याच्या किंवा नकली औषधांच्या पानावर ढकलायचं. थेट पत्ता टाकून येणाऱ्या मालकाला नेहमीची साइट दिसते. म्हणून मोबाइलवर वायफाय बंद करा, इन्कॉग्निटो विंडो उघडा, गुगलमध्ये स्वतःचं नाव शोधा आणि तिथल्या दुव्यावरून आत जा. नंतर गुगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि आपलं डोमेन टाका. देवस्थानाच्या साइटची जपानी अक्षरांतली शेकडो पानं तिथे दिसली तर शंकेला जागा उरत नाही.

ऑनलाइन पैसे घेत असाल तर पैसे भरायच्या पानावरचा क्यूआर कोड स्वतःच्या फोनने स्कॅन करा आणि नाव कुणाचं येतं ते बघा. बाकी सगळी साइट जशीच्या तशी ठेवून फक्त ते एक चित्र बदललेलं असू शकतं.

पहिला तास

काहीही डिलीट करू नका. विचित्र नावाची फाइल दिसली की ती उडवावीशी वाटते, पण तिच्या तारखेवरूनच पुढचा सगळा शोध लागणार आहे.

त्याआधीही एक काम आहे, आणि ते घाईचं आहे. होस्टिंगवाल्यांकडचे बॅकअप मोजक्या दिवसांचे असतात. नवा आला की सर्वांत जुना पुसला जातो. म्हणजे तुम्ही विचार करत बसलात तर रोज रात्री एक चांगली प्रत कमी होते. सीपॅनेलमध्ये बॅकअपची यादी उघडा, सर्वांत जुनी प्रत लगेच डाउनलोड करा आणि सपोर्टला कळवा, ‘अमुक तारखेआधीचे बॅकअप पुसू नका.’ मग आज आहे त्या अवस्थेतल्या, म्हणजे हॅक झालेल्या साइटचीही पूर्ण प्रत घ्या: फाइली, डेटाबेस आणि साइटवर कोण कधी आलं याची सर्व्हरकडची नोंद, म्हणजे अ‍ॅक्सेस लॉग. या प्रतीच्या फोल्डरला ठसठशीत नाव द्या, नाहीतर पुढे हीच चुकून रिस्टोअर होईल.

आता साइट बंद करायची. ‘मेंटेनन्स मोड’चं प्लगइन इथे उपयोगाचं नाही. ते पाहुण्यांना पाटी दाखवतं, पण हॅकर आपल्या दडवलेल्या फाइलचा पत्ता थेट उघडतो तेव्हा वर्डप्रेस मध्ये येतच नाही. सीपॅनेलमधल्या ‘डिरेक्टरी प्रायव्हसी’तून संपूर्ण फोल्डरला पासवर्ड लावा. मग बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी सर्व्हरवर अडते, त्याचीसुद्धा. हंगामाचे दिवस असतील तर गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून वेबसाइटचा दुवा तात्पुरता काढा आणि बुकिंगसाठी फोन नंबर पुढे ठेवा. पाहुण्यांना ‘दोन दिवस फोनवर बुकिंग’ सांगणं परवडतं. त्यांचे पैसे तिसऱ्याच्याच खात्यात गेले तर ते निस्तरणं परवडत नाही.

कळवण्याचंही याच तासात बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, व्यावसायिक संस्था आणि सरकारी कार्यालयांनी असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो. वेबसाइट विद्रूप करणं, तिच्यात घुसून मजकूर किंवा दुवे घालणं हे त्या यादीत आहे. टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. कुणाचे पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. तिथे जाताना स्क्रीनशॉट आणि लॉगची प्रत बरोबर असू द्या.

तारीख शोधणं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. हॅक लक्षात आलं तो दिवस आणि हॅक झालं तो दिवस यांत आठवडे, कधी महिने असतात. परवा सट्ट्याची पानं दिसली म्हणून तेरवाचा बॅकअप चांगला, असं गृहीत धरता येत नाही.

फाइल मॅनेजरमध्ये फाइली तारखेनुसार लावून बघा, पण त्या तारखेवर पूर्ण विसंबू नका. मजकूर शेवटचा कधी बदलला ही तारीख हॅकरला हवी तशी मागे नेता येते, आणि तो नेतो. त्याची फाइल आजूबाजूच्या फाइलींइतकीच जुनी दिसते. लिनक्स सर्व्हर दुसरीही एक वेळ स्वतः नोंदवतो, तिला सीटाइम म्हणतात. ती खोटी करणं बरंच अवघड असतं. टर्मिनल वापरता येत असेल तर ‘स्टॅट’ कमांडने ती दिसते. येत नसेल तर सपोर्टला विचारा, ‘गेल्या ९० दिवसांत सीटाइम बदललेल्या पीएचपी फाइलींची यादी द्या.’ (पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती.) घाईने रिस्टोअर केलं की नेमक्या या नोंदी पुसल्या जातात, कारण सगळ्या फाइलींना आजची वेळ लागते.

एका होमस्टेच्या साइटवर काय दिसलं ते सांगतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसच्या सेटिंग्जची फाइल उघडली तर पहिली ओळ साधीच होती, पीएचपी सुरू होण्याची. एडिटरच्या तळाशी असलेला आडवा स्क्रोल मात्र नको तितका लांब होता. उजवीकडे सरकत गेल्यावर भरपूर रिकाम्या जागांनंतर त्याच ओळीत एक ‘इन्क्लूड’ सापडला. तो चित्रं ठेवायच्या अपलोड्स फोल्डरमधली एक आयकॉनची फाइल ओढून घेत होता. नाव ब्राउझरच्या टॅबवर दिसणाऱ्या छोट्या चित्राचं, आत मात्र पीएचपी कोड. मालकाने ती फाइल आधी उघडून पाहिली होती, पण पडद्यावर जेवढं दिसलं तेवढंच. म्हणून अशी फाइल तपासताना एडिटरमध्ये ‘वर्ड रॅप’ चालू करा.

तारखेचे बाकीचे धागे: डेटाबेसच्या यूझर्स टेबलमध्ये अनोळखी अ‍ॅडमिन कधी नोंदला गेला, सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन) विचित्र पानांची संख्या कधीपासून वाढली, होस्टिंगवाल्यांचा ‘तुमच्या खात्यावरून स्पॅम जातोय’ हा ईमेल कधी आला. यूझर्सची यादी डॅशबोर्डवर बघू नका, सीपॅनेलमधल्या डेटाबेस बघायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्येच बघा. दुष्ट प्लगइन आपला यूझर डॅशबोर्डच्या यादीतून लपवू शकतं.

मग अ‍ॅक्सेस लॉग. अपलोड्स फोल्डरमधल्या पीएचपी फाइलकडे गेलेली ‘पोस्ट’ विनंती (सर्व्हरला माहिती पाठवणारी) शोधा. तिथे पीएचपी चालायचं काही कारणच नसतं. ती पहिल्यांदा कधी आली ते टिपा आणि त्याच आयपी पत्त्याने त्याच्या जरा आधी काय उघडलं होतं तेही पाहा. सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमधली संध्याकाळी ७ ची नोंद म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. सर्वांत जुनी खूण सापडली की त्याच्याही आधीचा बॅकअप धरा.

तो कुठून आला

तारीख मिळाली की वाट सापडणं सोपं जातं. नेहमीच्या वाटा तीन.

पहिली, जुनं प्लगइन किंवा थीम (साइटच्या रूपाचा साचा). ‘फाइल मॅनेजर’ नावाच्या प्लगइनमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये उघड झालेली चूक आठवून बघा. लॉगिन न करता कुणीही सर्व्हरवर फाइल चढवू शकत होता, आणि ते प्लगइन तेव्हा ७ लाखांवर साइटवर होतं. काही हल्लेखोरांनी तर आत शिरल्यावर दुसऱ्या हॅकरना येता येऊ नये म्हणून प्लगइनमधल्या त्या सदोष फाइलला स्वतःचा पासवर्ड लावला. म्हणजे ‘आता ती वाट चालत नाही’ हा तुम्ही सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. फुकट मिळवलेली पेड थीम असेल तर वेगळा शोध घ्यायची बहुधा गरजच नसते, कोड तिच्यातूनच आलेला असतो.

दुसरी, चोरलेला पासवर्ड. ऑफिसातल्या ज्या कॉम्प्युटरवर सगळे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले आहेत आणि ज्याच्यावर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आहेत, तो आधी साफ करा. नाहीतर नवा पासवर्डही त्याच रस्त्याने जाईल.

तिसरी वाट आपल्याकडे फार आढळते: शेजारची साइट. ओळखीच्या मुलाने स्वतःच्या एकाच होस्टिंग खात्यात काकांचं हॉटेल, गावचं देवस्थान आणि एका नाट्यमंडळाची तीन वर्षं कुणी न उघडलेली साइट, अशी सगळी ठेवलेली असतात. सीपॅनेलच्या एका खात्यातल्या सगळ्या साइट एकाच यूझरखाली चालतात. नाट्यमंडळाच्या साइटमधून शिरलेला हॅकर हॉटेलच्या फोल्डरमध्येही लिहू शकतो. अशा खात्यात एकच साइट साफ करणं फुकट जातं. सगळ्या एकदम बंद करा, नको असलेल्या काढून टाका आणि उरलेल्या जमेल तशा वेगळ्या खात्यांत हलवा.

रिस्टोअर

जुन्या फोल्डरवर नवं ओतू नका. रिस्टोअर बॅकअपमधल्या फाइली परत ठेवतो, पण बॅकअपमध्ये नसलेली जास्तीची फाइल बऱ्याचदा तशीच राहते, आणि हॅकरची फाइल नेमकी तीच असते. नवा रिकामा फोल्डर, नवा डेटाबेस, नवा डेटाबेस यूझर आणि नवा पासवर्ड घेऊन सुरुवात करा.

कोड बॅकअपमधून घ्यायचाच नाही. वर्डप्रेस त्याच्या अधिकृत साइटवरून नवं उतरवा. प्लगइन आणि थीम ज्यांनी बनवल्या त्यांच्याकडून नव्या घ्या. बॅकअपमधून फक्त दोनच गोष्टी आणायच्या: डेटाबेस आणि अपलोड्समधली चित्रं व कागदपत्रं. खास तुमच्यासाठी लिहून घेतलेली थीम असेल तर ती मात्र बॅकअपमधूनच घ्यावी लागते. मग तिची प्रत्येक पीएचपी फाइल उघडून वाचा, किंवा लिहिणाऱ्याकडून मूळ प्रत मागवा. डब्ल्यूपी-कॉन्फिगही जुनी उचलू नका. नमुन्याच्या फाइलवरून नवी लिहा, फक्त टेबलांचा प्रीफिक्स (नावांच्या सुरुवातीचा भाग) जुनाच ठेवा.

अपलोड्स आणल्यावर त्यात एकही पीएचपी फाइल असता कामा नये. काही प्लगइन तिथे रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात. ती उघडून बघितली की कळतं. ‘एमयू-प्लगइन्स’ नावाचं फोल्डर बॅकअपमध्ये दिसलं तर विशेष लक्ष द्या. त्यात थेट ठेवलेली प्रत्येक पीएचपी फाइल आपोआप चालते आणि प्लगइनच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही.

डेटाबेस चढवताना मराठी साइटला एक वेगळा धोका असतो. इम्पोर्टच्या वेळी कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) ‘यूटीएफ८एमबी४’ नसेल तर मजकुराचं मातेरं होऊ शकतं. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं बहुधा त्या इम्पोर्टमध्येच गेली. डेटाबेस रिकामा करून पुन्हा चढवा, तिथे दुरुस्ती करत बसू नका. प्रश्नचिन्हांऐवजी चमत्कारिक लॅटिन अक्षरं दिसली तर डेटा बहुधा शाबूत आहे, फक्त जोडणीचा कॅरेक्टर सेट चुकलाय. मूळ एसक्यूएल फाइल (डेटाबेसचा बॅकअप) साइट नीट उघडेपर्यंत हलवू नका.

चढवलेला डेटाबेसही चाळायला हवा. ऑप्शन्स टेबलमध्ये ‘होम’ आणि ‘साइट यूआरएल’ तुमचेच आहेत ना? नव्या सदस्याला आपोआप मिळणारी भूमिका ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवलेली नाही ना? पोस्ट्स टेबलमध्ये ‘स्क्रिप्ट’ आणि ‘आयफ्रेम’ हे टॅग शोधा. यूट्यूबचा व्हिडिओ आणि नकाशा सोडून जे उरेल त्याचा जाब विचारा. कोड स्निपेट (कोडचे छोटे तुकडे) साठवणारं प्लगइन वापरत असाल तर ते सर्वांत आधी तपासा, कारण तिथे पीएचपी डेटाबेसमध्येच राहतं आणि फाइल स्कॅनरला सापडत नाही.

बॅकअप महिन्यापूर्वीचा असेल तर मधली बुकिंग, ऑर्डरी, बातम्या जातील. त्यासाठी हॅक झालेला डेटाबेस सबंध आणू नका. त्या काळातल्या ऑर्डरी आणि पोस्ट तेवढ्या एक्स्पोर्ट करा, वरच्याच चाळणीतून काढा आणि मग जोडा. देवस्थानाच्या साइटवर असं फार थोडं असतं, तिथे हाताने कॉपी-पेस्ट केलेलं बरं. एकही चांगला बॅकअप सापडला नाही तरी घाबरू नका. कोड नवा घेताच आहात, फक्त चाळणी आजच्या डेटाबेसवर आणि आजच्या अपलोड्सवर लावावी लागेल. वेळ जास्त जातो, पण काम होतं.

आणि पावसाळा असेल तर: मोठी झिप घरच्या इंटरनेटवरून वर चढवत असताना वीज गेली की अर्धवट फाइल राहते. बॅकअप सर्व्हरवर असेल तर तिथल्या तिथेच उलगडा. वरून चढवायचाच असेल तर आकार बरोबर आला का ते तपासल्याशिवाय उलगडू नका.

उघडण्याआधी

फोल्डरचा पासवर्ड अजून तसाच आहे. तो काढण्याआधी चाव्या बदला: होस्टिंगचं खातं, सीपॅनेल, एफटीपी (फाइली चढवायची सोय), डोमेन रजिस्ट्रार (डोमेन जिथे नोंदवलंय ती कंपनी), वर्डप्रेसचे सगळे अ‍ॅडमिन, ईमेल आणि पेमेंट गेटवेच्या की. सीपॅनेलमध्ये अनोळखी एफटीपी खाती, एसएसएच की (सर्व्हरवर थेट लॉगिनची चावी), क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आणि ईमेलचे फॉरवर्डर शोधून काढा. दर काही मिनिटांनी चालणारा एक क्रॉन राहिला तरी पुसलेली फाइल पुन्हा तयार होते. ईमेलचा फॉरवर्डर राहिला तर पासवर्ड बदलण्याचे दुवेच त्याच्याकडे जातील.

वर्डप्रेसमध्ये पासवर्ड बदलला तरी बाहेरच्या अ‍ॅपसाठी दिलेले ‘अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड’ चालूच राहतात. ते प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन रद्द करा. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या गुप्त की नव्या टाका, म्हणजे लॉगिन असलेले सगळे बाहेर पडतील. प्रत्येक अ‍ॅडमिनला टू-फॅक्टर लावा. समितीतल्या ज्यांना फक्त बातमी टाकायची असते त्यांना ‘एडिटर’ पुरे.

मग परवानग्या (पर्मिशन): फाइलींना ६४४, फोल्डरना ७५५, डब्ल्यूपी-कॉन्फिगला ६०० चालत असेल तर ६००. ७७७ कुठेच नको. डॅशबोर्डमधून फाइल बदलायची सोय बंद करा आणि अपलोड्समध्ये पीएचपी चालणार नाही असा नियम सर्व्हरला सूचना देणाऱ्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये घाला. हा एकच नियम बरेच हल्ले निकामी करतो. पीएचपीची आवृत्तीही बघा. ७.४ चं सुरक्षा समर्थन नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलं, तरी कितीतरी साइट अजून तिच्यावर आहेत. नको असलेली प्लगइन बंद करून ठेवू नका, डिलीट करा. बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर असतातच.

मग साइट उघडा, कॅशे आणि सीडीएन (पानांच्या साठवलेल्या प्रती) रिकामं करा आणि सुरुवातीची मोबाइलवरची चाचणी पुन्हा करा.

गुगलचा शिक्का काढणं

सर्च कन्सोलमध्ये आधी मालकांची यादी बघा. हॅकर स्वतःला मालक म्हणून नोंदवतो आणि स्वतःचा साइटमॅप (पानांची यादी) देतो. त्याचं नाव काढण्याआधी त्याची पडताळणीची एचटीएमएल फाइल सर्व्हरवरून काढा, नाहीतर तो पुन्हा नोंदवेल. खोट्या पानांना सर्व्हरने ४०४ किंवा ४१० हे ‘पान नाही’ सांगणारं उत्तर द्यायला हवं. त्यांना मुख्य पानावर वळवू नका. ‘सिक्युरिटी इश्यूज’मध्ये इशारा असेल तर काय सापडलं, काय केलं हे नेमकं लिहून फेरतपासणी मागा. फिशिंगला साधारण दिवस, मालवेअरला काही दिवस, स्पॅमच्या हॅकला काही आठवडेही लागतात. पूर्ण साफ व्हायच्या आधी मागणी केली आणि ती नाकारली गेली तर पुढची फेरी लांबते.

यापुढचे बॅकअप

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी आणि त्यातली एक सर्व्हरच्या बाहेर, एवढं तरी पाळा. बॅकअपचं प्लगइन प्रती साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवत असेल तर ती सेटिंग आजच बदला. साइटमध्ये शिरलेला माणूस त्या पुसू शकतो आणि वाचूही शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अपड्राफ्टप्लस या बॅकअपच्या प्लगइनमध्ये सापडलेल्या चुकीमुळे साधा सदस्यही साइटचा बॅकअप उतरवू शकत होता. रोजच्या प्रतींबरोबर महिन्याची एक प्रत वर्षभर जपा. हॅक उशिरा कळतं तेव्हा तीच उपयोगी पडते. सीपॅनेलच्या ‘रॉ अ‍ॅक्सेस’मध्ये लॉग साठवायची खूण करून ठेवा आणि महिनाअखेरीस जुने लॉग काढायची खूण घालवा.

होमस्टेवाल्यांनी सप्टेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, एक बॅकअप वेगळ्या सबडोमेनवर रिस्टोअर करून बघावा, त्यालाही पासवर्ड लावून. मराठी अक्षरं नीट येतात का, बुकिंगचा फॉर्म चालतो का, किती वेळ लागतो, हे कागदावर लिहून ठेवा. देवस्थान आणि शाळांनी आणखी एक गोष्ट तपासावी: डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे. समिती बदलते, जुने सचिव गाव सोडून जातात आणि हॅकच्या दिवशी रजिस्ट्रारचा ओटीपी त्यांच्याच बंद पडलेल्या नंबरवर जातो. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर करून घ्या आणि कार्यभार देताना रोकडवहीबरोबर त्यांची नोंदही नव्या समितीकडे सोपवा.